तीन हजारांमागे एक माणूस



मागच्या रविवारी विहारातल्या अभ्यासवर्गात एका पोराने मला बोलता बोलता मध्येच अडवले. मी सांगत होतो की १३ जून २०२४ ला युरोपियन युनियनच्या न्यायालयाने हंगेरीला २० कोटी युरोचा दंड ठोठावला, शिवाय आधीचा निकाल पाळेपर्यंत रोजचे १० लाख युरो वेगळे. गुन्हा काय, तर दारात आलेल्या माणसाला आश्रयाचा अर्जच करू द्यायचा नाही. न्यायालयाने असेही म्हटले की असे वागून हंगेरी आपल्या वाट्याची जबाबदारी बाकीच्या देशांच्या गळ्यात टाकते आहे. एवढ्यात तो पोरगा उठला. "दादा, हंगेरीला दंड झाला त्याचं आपल्याला काय? इथं स्कॉलरशिप वेळेवर येत नाही, होस्टेलला जागा मिळत नाही. आपल्याच वाट्याला काही नाही आणि आपण गोऱ्यांनी किती निर्वासित घ्यावेत ते मोजत बसायचं?"

दोन-चार जण हसले. प्रश्न चुकीचा नव्हता. मी बंधुत्वावर दहा मिनिटे बोललो, बाबासाहेबांचे नाव तीनदा घेतले. पोरगा गप्प बसला, पण पटून नाही, माझ्या वयाचा मान ठेवून. घरी येताना गाडीवर वाटत राहिले की मी त्याला भाषण दिले, उत्तर दिले नाही. उत्तर द्यायचे तर मला माझी एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती मी नऊ वर्षांत कोणाला सांगितलेली नाही. आज लिहितो.

२०१४ मध्ये मी शिकायला जर्मनीत बॉनला गेलो. बॉनच का, याची कारणे मी अर्जात वेगळी लिहिली होती. खरे कारण हे की १९२२ साली बाबासाहेबांचे नाव तिथल्या विद्यापीठाच्या पटावर होते. पुढच्याच वर्षी उन्हाळा संपता संपता सिरिया, इराक, अफगाणिस्तानातून माणसांचे लोंढे येऊ लागले. (लोंढा हा शब्द मला आवडत नाही, पण तेव्हा सगळे तोच वापरत होते आणि माझ्याही तोंडात तो बसला.) त्या एका वर्षात जर्मनीत नऊ लाखांच्या आसपास माणसे आली. मी राहत होतो त्या भागातल्या एका शाळेची व्यायामशाळा रिकामी करून तिथे खाटा मांडल्या. दोन खाटांमध्ये चादरीचा पडदा, की झाले घर. मी तिथे कपडे वाटायच्या खोलीत काम करू लागलो, आठवड्यातून तीन संध्याकाळी. काही अफगाण पोरांना सिनेमामुळे थोडी हिंदी कळायची, म्हणून मला जरा मागणी होती.

आमच्या खोलीच्या प्रमुख एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना मी एकदा विचारले, "बाई, हीच माणसं आपल्याकडं कशी आली? कोणी ठरवलं?" बाईंनी पावतीच्या मागे आकडे मांडून समजावले. जर्मनीत सोळा राज्ये. आश्रय मागणाऱ्यांपैकी कोणत्या राज्याने किती घ्यायचे याचे एक सूत्र ठरलेले आहे, क्योनिगस्टाइन या गावाच्या नावाने ते ओळखतात. ते मुळात निर्वासितांसाठी काढलेलेच नव्हते. १९४९ मध्ये राज्यांनी संशोधन संस्थांचा खर्च कसा वाटून घ्यायचा, यासाठी काढले होते. राज्याच्या कर-उत्पन्नाला दोन भाग वजन, लोकसंख्येला एक भाग, त्यावरून टक्केवारी. आमच्या राज्याच्या वाट्याला शंभरातले २१, चिमुकल्या ब्रेमेनच्या वाट्याला सुमारे एक. श्रीमंताने जास्त घ्यायचे, गरिबाने कमी घ्यायचे, पण शून्य कोणालाच नाही.

मी विचारले, "आणि एखादं राज्य नाही म्हणालं तर?" बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. "नाही कसं म्हणेल?"

मित्रांनो, मला त्या क्षणी काय आठवले असेल? बिंदुनामावली. आपल्यातल्या ज्यांनी सरकारी भरतीची प्रकरणे लढवली आहेत त्यांना लगेच कळेल. बिंदुनामावली म्हणजे साहेबाच्या मर्जीवर लावलेले कुलूप. अमुक क्रमांकाची जागा अमुक प्रवर्गाची. साहेबाला आपण आवडतो की नाही, आपण 'संस्थेच्या संस्कृतीत बसतो' की नाही, हा प्रश्नच येत नाही. म्हणून तर त्या रजिस्टरवर सगळ्यांचा डोळा असतो. जर्मनीच्या आत निर्वासितांचे हेच होते. तिथेही निर्वासितांचा द्वेष करणारे पक्ष होते, मोर्चे होते, वसतिगृहांना आगी लावणारे होते. पण कोणत्या राज्याचा वाटा किती, हे मोर्चाने ठरत नव्हते.

हेच जर्मनीच्या सीमेबाहेर पडले की सगळे उलटे. युरोपियन युनियनमध्ये देशादेशांत जबाबदारी वाटण्यासाठी तेव्हा जो नियम होता त्याला डब्लिनचा नियम म्हणत. करार १९९० चा, लागू झाला १९९७ पासून, नंतर दोनदा दुरुस्त्या. त्यात कुटुंब, व्हिसा वगैरे बाबी आधी पाहायच्या असतात, पण प्रत्यक्षात बहुतेकांच्या बाबतीत निकाल एकाच गोष्टीवर लागतो: माणसाने पहिले पाऊल जिथे ठेवले, त्या देशाने त्याचा अर्ज बघायचा. ऐकायला सरळ वाटते. आता नकाशा समोर घ्या. सिरियातला माणूस समुद्रातून येणार तो ग्रीसच्या बेटावर. लिबियातून निघालेला येणार इटलीच्या लाम्पेडुसावर. जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स मध्ये बसलेले. म्हणजे विमानाने आल्याशिवाय त्यांच्या दारात नियमाप्रमाणे कोणी यायलाच नको, आणि व्हिसाशिवाय विमानात कोणी बसवून घेत नाही. गावात वाटसरू आला तर वेशीजवळच्या घरानेच त्याला पोसायचे, वाड्यापर्यंत तो पोचता कामा नये, असा हा कायदा. वेशीजवळ कोण राहते हे आपल्याला सांगायला नको. २०१५ चा ग्रीस स्वतः कर्जात बुडालेला होता, त्याच्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनी कापल्या जात होत्या.

आमच्या व्यायामशाळेत एरिट्रियाचा एक पोरगा होता, विशीतला. तो हात खिशातून काढायचा नाही. मला वाटले थंडी. नंतर कळले की इटलीच्या बंदरावर त्याच्या बोटांचे ठसे घेतले होते. ते ठसे युरोपभरच्या एका संगणकात जातात, आणि जर्मनीत बोट टेकवले की उत्तर येते: हा इटलीचा. तो त्या बोटांना घाबरत होता. स्वतःच्याच बोटांना. ठसे उमटू नयेत म्हणून बोटांची टोके जाळून घेणारे लोक होते, तेव्हाच्या वर्तमानपत्रांत ते आले होते. याने तसे केले नव्हते, पण त्याने ते बोलून दाखवले होते.

सप्टेंबर २०१५ मध्ये, आयलान कुर्दी या लहानग्याचा देह तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सापडल्यावर, युरोपने निर्णय घेतले की इटली आणि ग्रीसमधून १ लाख ६० हजार माणसे बाकीच्या देशांनी दोन वर्षांत वाटून घ्यायची. वाट्यात लोकसंख्या धरली, राष्ट्रीय उत्पन्न धरले, बेकारी धरली. म्हणजे बाईंच्या पावतीमागचेच गणित, मोठ्या कागदावर. युरोपियन युनियनची लोकसंख्या तेव्हा ५० कोटींच्या वर होती. भागाकार करा. तीन हजारांमागे एक माणूस. तीन हजार वस्तीच्या गावात एक जादा माणूस आला तर किती फरक पडतो हे आपण खेड्यांतून आलेले लोक जाणतो. आणि याच काळात जेमतेम पन्नास-साठ लाख वस्तीच्या लेबनॉनमध्ये दहा लाखांहून जास्त सिरियन राहत होते.

हंगेरीच्या वाट्याला आले १,२९४. हो, फक्त एवढेच. एक कोटीला थोड्या कमी लोकांचा देश, म्हणजे साडेसात हजारांमागे एक. चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, रुमानिया आणि हंगेरी यांनी विरोधात मत दिले, बहुमताने ठराव झाला, हंगेरी आणि स्लोव्हाकिया कोर्टात गेले, २०१७ मध्ये हरले. तरी हंगेरीने घेतले शून्य. पोलंडने शून्य. चेक प्रजासत्ताकाने बारा. १ लाख ६० हजारांपैकी प्रत्यक्षात हलवले गेले ते ३५ हजारांच्या आत. २०२० मध्ये न्यायालयाने पुन्हा सांगितले की या तिघांनी कायदा मोडला, पण तोवर योजनेची मुदत संपून अडीच वर्षे झाली होती. कायदा आहे, निकाल आहे, अंमल नाही. आपल्याला यात नवीन काही वाटू नये.

आता हंगेरीचाच इतिहास बघा. १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले तेव्हा दोन लाख हंगेरियन देश सोडून पळाले, बहुतेक ऑस्ट्रियात. ऑस्ट्रिया स्वतः युद्धातून नुकता उठत होता. त्या वेळी कोणी म्हणाले नाही की पहिले पाऊल ऑस्ट्रियात पडले, तेव्हा ऑस्ट्रियाने निस्तरावे. जगातल्या सुमारे ३७ देशांनी ती माणसे वाटून घेतली. आज निर्वासितांचा वाटा नाकारणारा देश तो आहे ज्याची माणसे जगाने वाटून घेतली होती.

मी हंगेरीला गेलो होतो, २०१६ च्या सप्टेंबरअखेर. तिथे २ ऑक्टोबरला सार्वमत होते. युरोपने आमच्या संसदेला न विचारता इथे परके लोक वसवावेत का, असा प्रश्न. रस्तोरस्ती सरकारी फलक. 'तुम्हाला माहीत होते का?' असे विचारून पुढे सांगायचे की ब्रुसेल्सला हंगेरीत एका शहराएवढी बेकायदा माणसे आणून बसवायची आहेत. १,२९४ माणसांचे शहर! सार्वमतात वैध मतांपैकी ९८ टक्के 'नाही' पडली, पण अर्ध्याहून अधिक मतदार फिरकलेच नाहीत, म्हणून ते कायद्याने रद्द ठरले. सरकारने मात्र विजय साजरा केला.

पण मी फलक बघायला गेलो नव्हतो. मी गेलो होतो शायोकाझाला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नाव ऐकले असेल. मिश्कोल्ट्स शहराच्या पुढे, जुन्या खाणींच्या पट्ट्यातले गाव. तिथे रोमा लोकांची, ज्यांना युरोप जिप्सी म्हणून हिणवतो त्यांची, वस्ती आहे, आणि तिथे डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा आहे. तिबोर देरदाक आणि यानोश ओर्शोश यांनी बाबासाहेब वाचले, भारतात आले, आपली माणसे बघितली, आणि २००७ मध्ये जयभीम म्हणत शाळा काढली. कारण रोमा मुलांना तिथे वेगळ्या वर्गात, मंदबुद्धी मुलांच्या शाळेत ढकलले जात होते. २००८-०९ मध्ये तर हंगेरीत रोमांच्या घरांवर रात्री हल्ले करून सहा जणांना मारले. त्यात एक बाप आणि त्याचा लहान मुलगा होता, जळत्या घरातून बाहेर पळताना गोळ्या घातल्या.

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. निळा कोट. बाहेर एक तरुण भेटला, इंग्रजी बरे बोलणारा. मी त्याला विचारले, सार्वमतात काय करणार? तो म्हणाला, नाहीवर शिक्का मारणार. "आमच्याच वाट्याला काही नाही. ते आले तर जे आहे तेही जाईल." आणि दोनच मिनिटांनी त्याने सांगितले की त्याची मावशी कॅनडात आहे, निर्वासित म्हणून अर्ज करून गेली होती. २०११ च्या सुमारास कॅनडात आश्रय मागणाऱ्यांत हंगेरीचे लोक आघाडीवर होते, त्यात बहुतेक रोमा, आणि मिश्कोल्ट्स भागातलेच पुष्कळ. २०१२ अखेर कॅनडाने हंगेरीला 'सुरक्षित देश' ठरवून त्यांचे अर्ज झटपट निकाली काढायला सुरुवात केली.

मी त्याला काही बोललो नाही. त्याचे वाक्य आणि आपल्या विहारातल्या पोराचे वाक्य शब्दाला शब्द सारखे आहे, हे मात्र आज लिहिताना जाणवते. म्हणून उत्तर दोघांनाही एकच. सप्टेंबर २०१५ मध्ये हंगेरीचे पंतप्रधान ओर्बान यांनी आपल्या राजदूतांपुढे एक युक्तिवाद केला होता: आमच्या देशाच्या नशिबी लाखो रोमा आधीच आहेत, आम्ही ते दुसऱ्यांना घ्या म्हणत नाही, तेव्हा तुम्हीही आम्हाला नवे परके घ्या म्हणू नका. बघा. निर्वासितांना नको म्हणण्यासाठी त्यांनी कोणाला पुढे केले? स्वतःच्याच नागरिकांना, 'भार' म्हणून. वाट्यातले निर्वासित आले नाहीत, एकही नाही. मग रोमांच्या वाट्याचे वाढले का? रोमा मुलांना शाळेत वेगळे काढल्याबद्दल युरोपियन कमिशनला २०१६ च्या मे महिन्यात हंगेरीवर कायदेशीर कारवाई सुरू करावी लागली. पोरा, तुझी स्कॉलरशिप सिरियातल्या माणसाने अडवलेली नाही. जो तिला अडवतो तोच तुला सांगतो की बघ, ते आले तर तुझे जाईल.

आता माझी गोष्ट. ही हंगेरीला जाण्याच्या आधीची आहे, नोव्हेंबर २०१५ ची.

आमच्या व्यायामशाळेत सगळे सिरियातले नव्हते. त्या वर्षी जर्मनीत कोसोवो, अल्बानिया, सर्बिया इथूनही खूप लोक आले होते आणि त्यांत रोमा पुष्कळ. सर्बियाला जर्मनीने २०१४ मध्येच 'सुरक्षित देश' ठरवले होते, कोसोवो आणि अल्बानियाला ऑक्टोबर २०१५ मध्ये. म्हणजे त्यांचे अर्ज जवळजवळ नक्की फेटाळले जाणार. हे सगळ्यांना माहीत होते, त्यामुळे व्यायामशाळेतही एक उतरंड तयार झाली. वर सिरियन डॉक्टर-इंजिनियर, ज्यांचे फोटो पेपरात यायचे. मग इराकी. मग अफगाण. मग आफ्रिकेतले. सगळ्यात खाली बाल्कनमधले रोमा, ज्यांच्यावर आफ्रिकेतलेही नाक मुरडायचे. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे मी बाबासाहेबांच्या पुस्तकातून शिकलो होतो. प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी असते, म्हणून वरच्याविरुद्ध सगळे एकत्र येत नाहीत. ते मला पाठ होते, पाठ.

थंडी वाढली. जाड कोट मोजकेच आले होते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाने सांगितले, बाल्कनवाल्यांना नको देऊस, ते महिनाभरात परत जाणार, कोट वाया जाईल. असा नियम नव्हता, बाईंनी तसे कधी सांगितलेही नव्हते. एका संध्याकाळी सर्बियातली एक रोमा बाई आली, बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. बाईने मुलीच्या खांद्यांना हात लावून दाखवले. मला कळले. माझ्या मागे रॅकवर लहान मापाचे कोट होते. मी हाताने 'नाही' म्हटले. ती थोडा वेळ उभी राहिली. मुलगी रडू लागली, तेव्हा ती खाली वाकून तिला काहीतरी म्हणाली, आणि त्यात मला एक शब्द स्पष्ट ऐकू आला. पानी. पोरगी तहानलेली होती.

रोमा भाषेत पाण्याला पानी म्हणतात. दोनला दुई, तीनला त्रिन, पाचाला पांज. हे लोक हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडून गेले, हे मी वाचले होते, त्यावर एक लेखही लिहिला होता. मी मुलीला पेल्यातून पाणी दिले. कोट दिला नाही. पाणी दिल्याचे मला तेव्हा समाधानही वाटले, हे आज लिहायला जड जाते. पाणी देणारा आणि उंबऱ्याबाहेर ठेवणारा माणूस एकच असू शकतो, हे आपल्याइतके कोणाला माहीत आहे?

म्हणून शायोकाझाला भिंतीवरच्या फोटोकडे मला नीट बघता आले नाही.

युरोपातली ही उतरंड काही एका व्यायामशाळेची नव्हती. २०१५ मध्ये स्लोव्हाकियाने जाहीर केले होते की आम्ही घेऊ दोनशे माणसे, पण ख्रिस्ती. (चार वर्षांनी आपल्या संसदेने नागरिकत्वाच्या कायद्यात धर्मांची यादी घातली तेव्हा मला नवल वाटले नाही.) मग २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि ४ मार्चला युरोपियन युनियनने २००१ पासून कपाटात पडून असलेला तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा पहिल्यांदा वापरला. अर्जाची चौकशी नाही, ठशांची भीती नाही, हवा तो देश निवडा, लगेच कामाचा परवाना. चाळीस लाखांहून जास्त लोकांना आसरा मिळाला. पोलंड, ज्याने २०१५ च्या वाट्यातला एकही घेतला नव्हता, त्याने दहा लाखांवर माणसे घेतली, लोकांनी घरे उघडली. मी याला नावे ठेवत नाही. उलट हाच पुरावा आहे की जागा होती, पैसा होता, मनुष्यबळ होते. नव्हती ती फक्त एका विशिष्ट माणसासाठी. त्याच पोलंडने काही महिन्यांपूर्वी बेलारूसच्या बाजूने जंगलातून आलेल्या इराकी आणि अफगाण माणसांना थंडीत परत ढकलले होते. आणि त्याच युक्रेनमधून निघालेल्या आपल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांना, ज्यात महाराष्ट्रातलेही होते, आणि आफ्रिकन विद्यार्थ्यांना सीमेवर मागे ठेवून गोऱ्यांना आधी सोडल्याच्या तक्रारी आल्या. एकच युद्ध, एकच रांग, पण त्या रांगेतही वर्ण.

आणि समुद्र आहेच. जून २०२३ मध्ये ग्रीसच्या पायलोसजवळ एक मासेमारीची बोट बुडाली, सुमारे साडेसातशे माणसे होती, पाकिस्तानी, सिरियन, इजिप्शियन. वाचली १०४.

मे २०२४ मध्ये युरोपने नवा करार मंजूर केला, तो २०२६ च्या जूनपासून लागू करायचे ठरले. त्यात प्रथमच 'सक्तीची एकजूट' आहे: दरवर्षी किमान ३० हजार माणसे सीमेवरच्या देशांतून इतरांनी घ्यायची. ज्याला माणूस नको त्याने माणशी २० हजार युरो द्यावेत, किंवा अधिकारी, सामान अशी मदत करावी. माझे काही मित्र म्हणतात की काहीच नसण्यापेक्षा हे बरे, इटली-ग्रीसला निदान पैसा मिळेल. अर्धे मलाही पटते. पण तो २० हजारांचा आकडा वाचला आणि मला वेगळी विहीर आठवली. तुमच्या वस्तीला वेगळी विहीर बांधून देतो, पैसे आम्ही घालतो, पण आमच्या पाणवठ्यावर येऊ नका. १९२७ मध्ये महाडला आपली माणसे वेगळ्या विहिरीची वर्गणी मागायला गेली नव्हती. पैसे देऊन माणूस लांब ठेवता येतो, हे एकदा कायद्यात लिहिले की श्रीमंत देश वाटा उचलणार नाहीत, वाटा विकत घेतील. २०१६ मध्ये तुर्कस्तानला सहा अब्ज युरो कबूल केले तेही याच हिशेबाने.

जर्मनीहून परतल्यावर पुण्यात मी भाड्याने घर शोधत होतो. आडनाव ऐकून एजंटाने दुसऱ्या दिवशी फोन केला, "मालकांचा विचार बदलला, पण तुमचा टोकन दुप्पट परत देतो म्हणतात." दुप्पट! माणूस भला होता बिचारा.

एक शंका मात्र मला माझ्याच मांडणीबद्दल आहे आणि ती लपवायची नाही. वाटा, सूत्र, टक्केवारी म्हणता म्हणता माणूस पोते होऊन जातो. २०१५ च्या योजनेत निर्वासिताला देश निवडता येत नव्हता. लिथुआनिया, लाटव्हियाला पाठवलेले कितीतरी जण काही आठवड्यांत जर्मनीला निघून गेले, कारण तिथे भाऊ होता, भाषा जाणणारी माणसे होती, काम होते. आपल्याकडे हे झालेले आहे. पूर्व बंगालातून आलेल्या नामशूद्र निर्वासितांना बंगालने दंडकारण्यात वाटून दिले. त्यांच्यापैकी काहींच्या वस्त्या आपल्या गडचिरोलीत आहेत. शेतीला पाणी नाही, बोलायला भाषा नाही. त्यातले हजारो सुंदरबनातल्या मरीचझापीला परतले तेव्हा १९७९ मध्ये सरकारने नाकेबंदी केली, गोळ्या घातल्या. वर्ग वर्ग करणाऱ्या सरकारने जात मात्र अचूक ओळखली. तेव्हा जबाबदारी सूत्राने वाटा, पण कोणाला कुठे पाठवायचे हे ठरवताना त्या माणसालाही विचारा. राज्याला नकाराधिकार नको, माणसाला मात्र शब्द हवा. जर्मनीच्या सूत्रातही ही उणीव आहे. बाईंना मी तेव्हा हे विचारायला हवे होते.

आणि डिसेंबर १९४७ मधले बाबासाहेबांचे नेहरूंना लिहिलेले पत्र वाचा. फाळणीनंतर पूर्व पंजाबात आलेले अस्पृश्य निर्वासित छावण्यांत राहू शकत नव्हते, कारण छावणीचे अधिकारी सवर्ण निर्वासित आणि अस्पृश्य निर्वासित असा भेद करत. आणि धान्य-कपडे छावणीत राहणाऱ्यालाच, असा नियम. म्हणजे भेदामुळे छावणी नाही आणि छावणी नाही म्हणून कपडे नाहीत. कायदामंत्र्याने पंतप्रधानाला पत्र लिहिले, ते निर्वासितांचा भार वाटून घ्या असे सांगायला नव्हे. निर्वासितांतही कोणाच्या अंगावर कपडा पोचत नाही, ते सांगायला. हे पत्र मी बॉनला असताना वाचलेले नव्हते. वाचले असते तर हात रॅककडे गेला असता का, माहीत नाही.

पुढच्या रविवारी त्या पोराला हे सगळे सांगणार आहे, आधी कोटाचे आणि मग हंगेरीचे.

ती बाई आणि मुलगी डिसेंबरात व्यायामशाळेतून गेल्या. यादीत त्यांच्या नावापुढे सर्बिया लिहून रेघ मारलेली होती. मार्च २०१६ मध्ये व्यायामशाळा शाळेला परत द्यायची ठरली तेव्हा कपड्यांची खोली मी आवरली. लहान मापाचे सात कोट उरले होते. मीच मोजले, मीच खोक्यात भरले, आणि खोक्यावर मार्करने आकडा लिहिला.